परदेशात फॅमिली डॉक्टरचं लायसन्स: आपल्या भागातल्या डॉक्टर पोट्टे-पोट्टींचे नेहमीचे प्रश्न

मी दिग्रस तालुक्यातली. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, मग बाँडचं एक वर्ष पीएचसीत, मग सासऱ्यांच्या दवाखान्यात तीन वर्षं, आणि आता इंग्लंडमध्ये जीपी. जीपी म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर. दिवाळीत गावी आली की ओट्यावर कोणी ना कोणी येऊन बसतंच, कधी डॉक्टर झालेलं पोट्टं, कधी त्याचे बाबूजी, आणि प्रश्न तेच ते. म्हणून एकदाचं लिहून टाकते. इंग्लंडचं जास्त आहे कारण ते मी स्वतः भोगलं, बाकी देशांचं थोडक्यात. फी आणि नियम दरवर्षी हलतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी त्या त्या कौन्सिलच्या साइटवर स्वतः पाहा, माझ्या भरवशावर राहू नका.

माझ्याकडे एमबीबीएस आहे, एमएमसीचा नंबर आहे. तिकडे चालत नाही का?

डिग्री मानतात, लायसन्स मानत नाहीत. आपल्याकडे इंटर्नशिप झाली, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर आला की दुसऱ्या दिवशी बस स्टँडसमोर गाळा घेऊन बोर्ड लावता येतो. एमबीबीएस झाला म्हणजे फॅमिली डॉक्टर झालाच, असं आपण धरून चालतो. तिकडे फॅमिली डॉक्टर हीच एक स्पेशालिटी आहे, सर्जन किंवा बालरोगतज्ज्ञासारखी, आणि तिचं वेगळं ट्रेनिंग, वेगळी परीक्षा, वेगळं रजिस्टर. म्हणजे इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलचं (जीएमसी) रजिस्ट्रेशन आणि प्रॅक्टिसचं लायसन्स मिळालं तरी तुम्ही हॉस्पिटलातले ज्युनियर डॉक्टर. एकट्यानं ओपीडी घेऊन बसायचं तर त्याच कौन्सिलच्या जीपी रजिस्टरवर नाव लागतं, आणि इंग्लंडात त्याच्या वरून परफॉर्मर्स लिस्ट म्हणून अजून एक यादी आहे तिच्यातही लागतं. ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं कळते, आणि लोकं नेमकी हीच विसरतात.

(जीएमसी म्हटलं की माझ्या सासऱ्यांना अजून नागपूरचं मेडिकलच वाटते. "तुले जीएमसीत नोकरी लागली म्हणे?" म्हणून गावभर सांगून आले होते. पुढे जिथं जीएमसी लिहिलंय तिथं ते लंडन-मँचेस्टरवालं कौन्सिल समजा.)

एकूण किती वर्षं धरून चालायचं?

आजपासून इंग्रजीची परीक्षा, प्लॅब म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांसाठी जीएमसीची जी परीक्षा असते तिचे दोन भाग, नोकरी, एखाद-दोन वर्षं हॉस्पिटलात, मग ३ वर्षांचं जीपी ट्रेनिंग. सगळं सुरळीत गेलं तर सहा, नाही गेलं तर आठ. दोन वर्षांत होते म्हणून कोणी सांगत असेल तर तो फक्त रजिस्ट्रेशनपर्यंतचं सांगून राह्यला.

मी बीएएमएस आहे, गावात पंधरा वर्षांची प्रॅक्टिस आहे. मला जमेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर द्यायला सगळ्यात जड जाते, कारण आपल्या भागात रात्री दोन वाजता उठून येणारा डॉक्टर बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएसच असतो. पण खोटं सांगून उपयोग नाही. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या चारही ठिकाणी डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशनला आधुनिक वैद्यकाची मूळ डिग्री लागते, आणि कॉलेज वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्सच्या यादीत असावं लागते. बीएएमएसवर प्लॅबला बसताच येत नाही. पंधरा वर्षं अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहिली हे तिथं सांगितलं तर उलट अडचण होईल.

मग काय करता येते? दुबईत पारंपरिक उपचारपद्धतींसाठी वेगळं लायसन्स आहे, त्यात आयुर्वेद आणि होमिओपॅथी येतात. नाहीतर सार्वजनिक आरोग्याचं मास्टर्स, क्लिनिकल रिसर्च असल्या वाटा आहेत, पण ती फॅमिली डॉक्टरकी नाही. गावातली चालती ओपीडी मोडून त्यासाठी जाऊ नका असं माझं मत, बाकी तुम्ही शहाणे.

माझं एमबीबीएस रशिया/कझाकस्तान/युक्रेनचं आहे.

भारतात प्रॅक्टिस करायची तर एफएमजीई, म्हणजे बाहेर शिकून आलेल्यांची इथली परीक्षा, ३०० पैकी १५० मार्क, जून आणि डिसेंबर असं वर्षातून दोनदा. इंग्लंडसाठी ती परीक्षा सक्तीची नाही, पण कॉलेज जीएमसीला चालणारं पाहिजे आणि इंटर्नशिप त्यांना मान्य होईल अशी झालेली पाहिजे, आणि बरेच जण इथंच अडकतात. दोन्ही दरवाजे उघडे ठेवायचे असतील तर एफएमजीई काढूनच घ्या.

कागदपत्रं कोणती लागतात? त्यात एवढं काय अवघड आहे?

हसू नका, पण मला प्लॅबपेक्षा जास्त रडवलं ते कागदांनी. पासपोर्ट, एमबीबीएसची डिग्री, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आणि गुड स्टँडिंग म्हणजे हा डॉक्टर चांगल्या वर्तणुकीचा आहे, याच्यावर कारवाई झालेली नाही असा दाखला. एवढंच. आणि डिग्री खरी आहे का हे जीएमसी स्वतः तपासत नाही, अमेरिकेत बाहेरच्या डॉक्टरांचे कागद तपासणारी ईसीएफएमजी ही संस्था आहे, तिची एपिक नावाची सेवा आहे, ती थेट तुमच्या कॉलेजला नाहीतर विद्यापीठाला विचारते, आणि तिकडचा बाबू उत्तर देईल तेव्हा तुमचं काम पुढं सरकते.

अवघड आहे ते नाव. आपल्याकडे कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडलांचं, कुठं कुठं शेवटी आईचंही. पासपोर्टमध्ये वडलांचं नाव तुमच्या नावाला चिकटलेलं, आडनाव वेगळ्या रकान्यात. दहावीच्या सनदेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. आणि बाई असेल तर लग्न. माझी डिग्री माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं, आणि कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं नाव पण त्यात बाबूजीच्या नावातला एक ए गायब. म्हणजे एकच बाई, तीन कागद, तीन माणसं. एका कार्यालयात मी खिडकीसमोर दुपारी दोनपर्यंत उभी होती, आतल्या मॅडमनं तिन्ही कागद ओळीनं मांडले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "यातली तुमी कोनती?" तेव्हा रडायला आलं होतं, आता आठवलं की हसू येते. गॅझेट, मॅरेज सर्टिफिकेट, अ‍ॅफिडेव्हिट, मग कौन्सिलमध्ये नावाची दुरुस्ती, हे सगळं होईस्तोवर कापसाचा एक हंगाम गेला.

तर पहिलं काम अभ्यास नाही, पहिलं काम हे: सगळे कागद घरच्या सतरंजीवर पसरा आणि नावाचं एकेक अक्षर जुळवा. पासपोर्ट नवीन काढायचा असेल तर डिग्रीवर जसं आहे तसंच नाव ठेवा, पोरींनी तर लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायच्या आधी दहादा विचार करा, सासूबाई रुसल्या तर रुसू द्या. आणि गुड स्टँडिंग फार आधी काढून ठेवू नका, जीएमसीला तो दाखला ३ महिन्यांच्या आतला लागतो. माझा एक ज्युनियर आधीच काढून बसला, अर्ज करेपर्यंत तो शिळा झाला, परत पहिल्यापासून.

आयईएलटीएस द्यावी का ओईटी? मी झेडपीच्या शाळेतला आहे.

मीही झेडपीचीच. दोन्ही इंग्रजीच्याच परीक्षा, कोणतीही एक चालते. आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिक असेल तर एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७. ओईटी असेल तर चारही भागांत बी ग्रेड. प्लॅबची सीट बुक करायच्या आधीच हे लागते.

आयईएलटीएस स्वस्त पडते, ओईटी जवळपास दुप्पट महाग. पण ओईटी डॉक्टरांसाठीची आहे, लिहायला रेफरलचं पत्र येते, बोलायला पेशंट येतो. आयईएलटीएसमध्ये मोठी शहरं चांगली का खेडी, यावर निबंध लिहायला सांगतात आणि तिथं आपल्या लोकांचं ६.५ वर घोडं अडते. माझंही दोनदा अडलं, मग ओईटी दिली.

परीक्षेपुरतं इंग्रजी आलं की पेशंटचं समजते का?

नाही. परीक्षेतलं इंग्रजी वेगळं आणि पेशंटचं वेगळं. म्हातारी बाई येऊन "फीलिंग पुअरली" म्हणते, गरिबीचा काही संबंध नाही, बरं नाही एवढाच अर्थ. "वॉटरवर्क्स" म्हणजे लघवीची तक्रार, नळयोजना नाही. आपल्याकडे कोणी "डॉक्टर, हातपाय गळून राह्यले, अंगात कसकस आहे" म्हटलं तर पुण्याच्या डॉक्टरलाही दोन मिनिटं लागतात, तसंच समजा. हे कोणत्या क्लासात शिकवत नाहीत, ऐकून ऐकूनच येते.

प्लॅब १ कशी असते?

१८० प्रश्न, ३ तास, प्रत्येकात पाच पर्यायांतून सगळ्यात योग्य एक. वर्षातून ४ वेळा होते, भारतातल्या मोठ्या शहरांत सेंटर असते. मी हैदराबादला गेली होती, पांढरकवड्यावरून रात्रीची गाडी, सकाळी उतरून सरळ सेंटरवर. २०२४ पासून हिचा अभ्यासक्रम तिथल्या एमबीबीएसवाल्यांच्या नवीन परीक्षेशी जुळवला आहे. नीट पीजीची तयारी केलेल्याला अवघड नाही, फक्त सवय बदला: इथं विचारतात कोणतं एन्झाइम, तिथं विचारतात आता पुढं काय करशील. उत्तर त्यांच्या नाइस नावाच्या सरकारी संस्थेच्या गाइडलाइनप्रमाणं द्यायचं, आपल्या सरांच्या नोट्सप्रमाणं नाही. चार वेळा बसता येते.

आणि प्लॅब २? ऐकलं की हुशार हुशार पोट्टे नापास होतात.

होतात. मीही झाली. हुशार होती की नाही ते सोडा.

प्लॅब २ फक्त मँचेस्टरला होते, व्हिजिटर व्हिसावर जाता येते, आणि प्लॅब १ पास झाल्यापासून २ वर्षांत काढावी लागते. १६ स्टेशन, प्रत्येकाला ८ मिनिटं, आत जायच्या आधी दरवाज्यावरचा कागद वाचायला दीड मिनिट. आत पेशंट म्हणून नट-नट्या बसलेल्या असतात, कोपऱ्यात परीक्षक, तो बोलत नाही. एकूण मार्कही पुरले पाहिजेत आणि ठरावीक स्टेशनंही पास झाली पाहिजेत, म्हणजे चार ठिकाणी फार चमकून बाकीचं धकवता येत नाही.

माझं पहिल्या खेपेचं सांगते, केस सांगायला बंदी असते म्हणून आजार बदलून सांगते. पन्नाशीची बाई, छातीत जळजळ, दोन महिन्यांपासून. मी बसली, भराभर प्रश्न विचारले, वजन कमी झालं का, गिळायला त्रास, काळी संडास, सगळं नाही. तीन मिनिटांत निदान, चौथ्या मिनिटाला गोळी, मसालेदार कमी खा, उशी उंच घ्या, झालं. दवाखान्यात बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात ना, तीच सवय. मग उरलेली मिनिटं मी आणि ती एकमेकींकडं पाहत राह्यलो. मला वाटलं किती लवकर आटोपलं. घंटा व्हायच्या वेळेला ती स्वतःच म्हणाली की माझ्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आणि घंटा झाली.

म्हणजे बाई कॅन्सरच्या भीतीनं आली होती आणि मी तिला उशी उंच घ्यायला सांगून राह्यली होती.

तिकडे यालाच मार्क आहेत. तुम्हाला काय वाटतं हे कशानं झालं असेल, तुम्हाला कशाची काळजी वाटते, माझ्याकडून आज काय अपेक्षा आहे, हे तीन प्रश्न. आपली लोकं हे तीन प्रश्न पाठ करून पोपटासारखे एकामागे एक विचारतात, तेही पकडल्या जातात. खरं म्हणजे हे आपल्याला येते. सासरे गावातल्या म्हातारीला नाडी पाहता पाहता "पोराचं काय चाललं, पैसे पाठवते का?" विचारायचे आणि त्यातून तिची झोप काहून उडाली ते कळायचं. ते करायचं, फक्त इंग्रजीत आणि ८ मिनिटांत.

तयारी एकट्यानं होत नाही. आम्ही तिघी होतो, एक अकोल्याची, एक वरोऱ्याची, रात्री दहानंतर व्हिडिओ कॉल लावून एक डॉक्टर, एक पेशंट, एक घड्याळ. लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात.

प्लॅब पास झाली की नोकरी पक्की ना?

आधी होती, आता नाही. मी आली तेव्हा अर्ज टाकले की पंधरा दिवसांत मुलाखत यायची. आता एकेका ज्युनियर जागेवर शेकड्यानं अर्ज पडतात आणि जाहिरात काही तासांत बंद होते. प्लॅब झालेली पोट्टी वर्ष वर्ष बसून आहेत, भाड्याच्या खोलीत तिघं, मिळेल ते काम करून. त्यात जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं दहा वर्षांचा आरोग्य आराखडा काढला, त्यात ट्रेनिंगच्या जागांवर आधी तिथल्या कॉलेजातून शिकलेल्यांना प्राधान्य असं स्पष्ट लिहिलंय. क्लासवाले हे सांगत नाहीत. मी कोणाला जाऊ नको म्हणत नाही, पण इथली नोकरी सोडून, शेत गहाण टाकून जाऊ नका. इथं काम चालू ठेवून परीक्षा द्या, ऑफर लेटर हातात आल्यावर राजीनामा.

जीपी ट्रेनिंगला नंबर कसा लागतो?

एमएसआरए नावाची कॉम्प्युटरवरची परीक्षा. तिचे दोन भाग, एक वैद्यकीय, दुसरा वागणुकीचा: सहकारी दारू पिऊन आला तर काय करशील, नातेवाइकानं गुपचूप रिपोर्ट मागितला तर काय करशील. आपल्याकडे नातेवाइकालाच आधी सांगतात आणि पेशंटला शेवटी, तिथं बरोबर उलटं, त्यामुळे हा भाग आपल्याला जड जातो. त्याच्याबरोबर क्रेस्ट नावाचा फॉर्म लागतो, हा डॉक्टर ट्रेनिंगला तयार आहे असं तुमच्या सीनियरनं एकेका मुद्द्यावर सही करून द्यायचं.

मग ३ वर्षं, काही हॉस्पिटलात, काही जीपीच्या दवाखान्यात. त्यातच एमआरसीजीपी, म्हणजे तिथल्या जीपींच्या रॉयल कॉलेजची परीक्षा: एक लेखी, एक एससीए म्हणजे पेशंटशी बोलायची, आणि रोजच्या कामाचं मूल्यमापन जे तीन वर्षं चालूच राहते, केस लिहा, त्यावर विचार लिहा, विचारावर विचार लिहा. एससीए नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाली, १२ केस, प्रत्येकी १२ मिनिटं, व्हिडिओ नाहीतर फोनवर. परदेशातून आलेल्यांचा पास व्हायचा टक्का तिथल्यांपेक्षा कमी असतो, हे ते रॉयल कॉलेज स्वतःच्या अहवालात छापते. कारण तेच, उशी उंच घ्या.

मी डीएनबी फॅमिली मेडिसिन केलंय, परत तीन वर्षं?

तुमच्यासाठी पोर्टफोलिओ पाथवे आहे, जुनं नाव सीईजीपीआर, नोव्हेंबर २०२३ पासून नाव आणि निकष बदलले. झालेलं ट्रेनिंग आणि अनुभव तिथल्या जीपीच्या तोडीचा आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं. पुरावा म्हणजे गठ्ठा: केसच्या नोंदी, ऑडिट, सह्या, पत्रं. आपल्याकडे चाळीस पेशंटच्या ओपीडीत वहीत नाव, ताप, गोळी, शंभर रुपये एवढंच लिहिलेलं असते, ते पुरावा म्हणून चालत नाही. जायचा विचार असेल तर आजपासूनच नीट लिहायला लागा.

पीएचसीतला अनुभव कामी येतो का? का सगळं पाण्यात?

मोजत नाहीत, पण कामी येते. सिकलसेल घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळमध्ये काम केलेल्याला सिकलसेलचा पेशंट दुखण्यानं कळवळतो तेव्हा काय करायचं हे पुस्तक न उघडता माहीत असते. इंग्लंडात आफ्रिकन-कॅरिबियन घरांत हा आजार भरपूर आहे, बाळ जन्मलं की टाचेतून रक्त काढून तपासतात. माझ्या हॉस्पिटलात एक पोरगा आला होता, सगळे ज्युनियर गुगल करून राह्यले होते, आणि मी सरळ दुखण्याचं औषध, पाणी, ऑक्सिजन पाहायला लागली. कन्सल्टंटनं विचारलं कुठं शिकली. आता त्याला आर्णी रोडवरची पीएचसी काय समजावून सांगू.

फवारणीची विषबाधाही अशीच. २०१७ मध्ये यवतमाळात जे झालं ते आपण पाहिलं, अ‍ॅट्रोपिन किती आणि कधी हे हाताला माहीत झालं. तिकडे ते लागलं नाही अजून. सापाचंही ज्ञान वाया, तिथं विषारी म्हणायला अ‍ॅडर हा एकच साप, आणि त्यानं माणूस मेल्याचं क्वचितच ऐकू येते.

खर्च किती येतो?

प्लॅब १ ची फी पावणेतीनशे पौंडाच्या घरात, प्लॅब २ ची हजाराच्या आसपास. वर इंग्रजीची परीक्षा, एपिक, व्हिसा, विमान, मँचेस्टरला राहणं, मग रजिस्ट्रेशनची फी. माझे दोनदा प्लॅब २ धरून सहा लाखाच्या थोडे वर गेले. त्यातले दोन लाख बाबूजींनी सोयाबीन विकून दिले आणि आजवर एकदाही बोलून दाखवले नाहीत, त्यामुळे मनाला जास्त लागते.

नागपूरचा एक एजंट दीड लाखात सगळं करून देतो म्हणते, देऊ का?

नका देऊ. जीएमसीचं अकाउंट स्वतः काढता येते, फॉर्म स्वतः भरता येतो, आणि तुमचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती म्हणजे उद्या त्यानं खोटा कागद चढवला तर लायसन्स तुमचं जाईल, त्याचं नाही.

बाँडचं वर्ष न करता जाता येते का?

सरकारी कॉलेजच्या एमबीबीएसला एक वर्षाचा बाँड आहे, नाही केला तर १० लाख. करा हो एक वर्ष. पगारही मिळतो, अनुभवही, आणि प्लॅब १ चा अभ्यास पीएचसीच्या क्वार्टरात जेवढा होतो तेवढा कुठं होत नाही, संध्याकाळी सातनंतर करायचं तरी काय दुसरं.

इंग्लंड सोडून बाकी देश?

अमेरिका: यूएसएमएलई या तिथल्या लायसन्सच्या परीक्षेच्या स्टेप १, स्टेप २ सीके, ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट, मग मॅच म्हणजे ट्रेनिंगच्या जागांचं वाटप, आणि फॅमिली मेडिसिनची ३ वर्षांची रेसिडेन्सी म्हणजे ट्रेनिंग. स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास, त्यामुळे सगळा भार स्टेप २ च्या मार्कांवर. जे-वन या ट्रेनिंगच्या व्हिसावर गेलात तर ट्रेनिंग संपल्यावर २ वर्षं मायदेशी परत, नाहीतर डॉक्टर नसलेल्या भागात ३ वर्षं काम. त्याला कॉनराड ३० म्हणतात, कारण प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हा तो रस्ता धरताना आधी ताजी बातमी पाहा.

कॅनडा: एमसीसीक्यूई पार्ट १ ही परीक्षा (पार्ट २ होती, २०२१ मध्ये बंद केली), मग एनएसी ही दुसरी परीक्षा, मग कार्म्स नावाच्या संस्थेचा मॅच आणि २ वर्षांची फॅमिली मेडिसिन रेसिडेन्सी. दोनच वर्षं पाहून लोकं भुलतात, पण मॅचमध्ये उतरायला साधारणपणे पीआर (कायम राहायचा परवाना) किंवा नागरिकत्व लागते आणि बाहेरून शिकलेल्यांना जागा थोड्या. लायसन्स प्रत्येक प्रांताचं वेगळं. पीआर घेऊन गेलेले आणि टॅक्सी चालवणारे डॉक्टर ही गोष्ट खोटी नाही.

ऑस्ट्रेलिया: तिथल्या मेडिकल कौन्सिलची (एएमसी) १५० प्रश्नांची कॉम्प्युटर परीक्षा, मग क्लिनिकल, देखरेखीखाली एक वर्ष, मग जीपीची फेलोशिप. आणि बाहेरून शिकलेल्या डॉक्टरला साधारण १० वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागातच मेडिकेअरचं, म्हणजे तिथल्या सरकारी विम्याचं काम. म्हणजे भामरागडची पोस्टिंग टाळून गेलेला माणूस त्यांच्या भामरागडला पोचतो, फक्त रस्ते बरे. ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडात जीपी झालेल्यांना तिथं लवकरचा रस्ता उघडला, म्हणून आमच्यातले बरेच जण आता तिकडं चालले.

दुबई-अबुधाबी: डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडून कागदांची पडताळणी आणि कॉम्प्युटरवरची एक परीक्षा. पीजी न करता जीपी म्हणून काम मिळते, टॅक्स नाही, विमान तीन तासाचं. पण नोकरी गेली की व्हिसा गेला. चार-पाच वर्षांत घर बांधून परत यायचं असेल तर मला हाच हिशेब सगळ्यात सरळ वाटते, भलेही त्याला प्रतिष्ठा कमी.

तिकडचा दवाखाना कसा असतो?

पेशंटची नावं दवाखान्यात नोंदलेली असतात, एकेकाला साधारण १० मिनिटं, पैसे टेबलावर येत नाहीत. औषधाची चिठ्ठी फार्मसीत, इंग्लंडात एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स, स्कॉटलंड-वेल्समध्ये फुकट. स्पेशालिस्टकडं जायचं तर चिठ्ठी तुमचीच. सुई मागत नाहीत, सलाइन तर नाहीच. सर्दीला अँटिबायोटिक दिलं तर उद्या कोणी विचारते का दिलं म्हणून. पेशंट नावानं हाक मारतो, डॉक्टरसाहेब वगैरे विसरा. पहिल्या महिन्यात मला ते लागलं होतं, खोटं काहून सांगू.

नवरा-बायको, आईवडील?

हेल्थ अँड केअर व्हिसावर डॉक्टरला जोडीदार आणि मुलं नेता येतात, व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य सरचार्ज माफ. आईवडलांना कायमचं नेणं जवळपास अशक्य, फिरायला ६ महिने येऊ शकतात. जीपी ट्रेनिंग ३ वर्षांत संपते आणि कायम राहायचा परवाना आतापर्यंत ५ वर्षांनी मिळायचा, तो काळ वाढवायच्या हालचाली चालू आहेत. मधल्या वर्षांत व्हिसा देणारा दवाखाना शोधावा लागतो, आणि छोटे दवाखाने त्या भानगडीत पडायला तयार नसतात. हे ट्रेनिंगच्या तिसऱ्या वर्षी नाही, दुसऱ्याच वर्षी विचारायला लागा.

परत यायचं झालं तर?

एमएमसीचं रजिस्ट्रेशन मरू देऊ नका. दर ५ वर्षांनी रिन्यूअल, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट. परदेशात बसलेली लोकं हे विसरतात आणि मग गावी येऊन दवाखाना उघडायचा म्हटलं तर परत त्याच खिडकीसमोर. माझे अजून अकरा पॉइंट कमी आहेत, या दिवाळीत यवतमाळला एखादी कॉन्फरन्स असली तर कळवा.